चनमल्लप्पांची राहिलेली ट्रिप

चनमल्लप्पा बिराजदारांची पॅसेंजर अक्कलकोट रोड स्टेशनातून सुटली आणि सुटल्यासुटल्या उड्या मारू लागली. रुळाकडेची बाभळ समोर यायची, बराच वेळ तिथंच थिजून राहायची आणि मग एकदम तिच्या जागी सिग्नलचा खांब उभा असायचा. तो लाल होता की हिरवा हे कळेपर्यंत खांबही गेलेला असायचा.

"निंगव्वा, ही गाडी हाय का बेडूक?" चनमल्लप्पांनी लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं.

"मला काय इचारताय? डायवर तुमी," स्वयंपाकघरातून बायकोचं उत्तर आलं.

चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस जुळे सोलापुरातल्या आपल्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून खेळातली गाडी चालवत होता. लॅपटॉप पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचा, रेश्माचा. नवा घेतल्यावर जुना तिने वडिलांना दिला होता, बातम्या वाचा, भजनं ऐका म्हणून. बातम्या वाचता वाचता चनमल्लप्पांना ट्रेन चालवायच्या गेमचा पत्ता लागला. नागपूरच्या कुणा रेल्वेवेड्या माणसाने वाडी ते सोलापूर हा सगळा मार्ग हौसेने त्या गेममध्ये बसवला होता. फाटकं, पूल, वळणं, एवढंच काय, तिलाटीच्या पुढचा वाकडा कडुलिंबसुद्धा. त्या कडुलिंबाचा फोटो पाहिल्यापासून तीन दिवस चनमल्लप्पा दुसरं काही बोलले नव्हते. पण लॅपटॉपला तो मार्ग काही पेलत नव्हता.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरातला तरुण फार नम्र होता. "सर, या मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. म्हणून गेम अडकतो."

"मग बाहेरनं लावा की."

"बाहेरून लावायला कंपनीचा सपोर्ट नाही, सर."

"म्हंजी लावलं तर काय व्हईल?"

"सर, सपोर्ट नाही."

"ते कळलं बाबा. पर लावलं तर व्हईल काय?"

तरुणाने आपल्या कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. लावलं तर काय होईल हे तिथं लिहिलेलं नव्हतं.

तिथून चनमल्लप्पा थेट नवी पेठेत राहतकडे गेले. साड्यांच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्याने वर गेलं की राहतचं दुरुस्तीचं दुकान. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, ती लॅपटॉप करते. वय पस्तिशीचं, बोलणं सडेतोड, आणि हातात स्क्रू ड्रायव्हर असला की समोर कलेक्टर आला तरी ती मान वर करत नाही, असा तिचा लौकिक.

"ह्याच्यात चित्र काढणारा कारागीर कच्चा आहे, काका," तिने सांगितलं. "बाहेरून दणकट कारागीर आणायला लागेल. पण त्याच्यासाठी कंपनीनं दारच नाही ठेवलं."

"मग?"

"खिडकीतून घ्यायचा." तिने लॅपटॉप उपडा करून मागचं झाकण काढलं आणि आत नखाएवढ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हे वायफाय. ह्याला काढायचं. त्याच्या जागेत ही पट्टी घुसवायची, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला कार्ड. कार्डाला वीज वेगळी. चित्र लॅपटॉपवर नाही येणार, टीव्हीवर येईल. चाललं तर चाललं, नाहीतर मेरेकू नक्को बोलना."

"चालंल की," चनमल्लप्पा म्हणाले. त्यांना शेवटचं वाक्य सोडून सगळं ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी राहत घरी आली ती पोतंभर सामान घेऊन. बंद पडलेल्या एका गेमिंग कॅफेच्या कॉम्प्युटरमधून काढलेलं ते कार्ड विटेएवढं होतं आणि त्याला दोन पंखे होते. वीज देणारा डबा त्याहून मोठा. तासाभरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पोट उघडं टाकून आडवा पडला, त्याच्या पोटातून एक चपटी पट्टी बाहेर आली, आणि पट्टीच्या टोकाला कार्ड उभं राहिलं. भिंतीवरचा टीव्ही उतरून टेबलावर आला.

निंगव्वा पदराला हात पुसत बाहेर आल्या. "यव्वा! ह्येचं पोट का फाडलंय?"

"इलाज चाललाय," चनमल्लप्पा म्हणाले.

"आणि पेशंट किती दिस हितं ऱ्हाणार? आमी जेवायचं कुटं?"

"काकू, ही पट्टी हलली की सगळं बंद पडतं," राहत मध्ये पडली. "आता ह्याला जागेवरून हलवायचं नाही. आधी हा डबा चालू करायचा, दहा आकडे मोजायचे, मग लॅपटॉप. उलटं केलं की कार्ड ओळखतच नाही. आणि घरात मिक्सर लावायचा नाही. मिक्सर सुरू झाला की कार्डाची वीज डगमगते."

चनमल्लप्पांचे डोळे चमकले. ज्या कामाला इतके नियम आहेत ते काम नक्कीच गंभीर असणार, असा त्यांचा नोकरीभरचा अनुभव होता. त्यांनी संध्याकाळी सगळे नियम सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला चिकटवले आणि खाली सही केली. शेजारी आणखी एक रेघ मारून ठेवली, निंगव्वांच्या सहीसाठी. निंगव्वांनी सही केली नाही. पण त्या दिवसापासून दोघं जमिनीवर ताटं घेऊन जेवू लागले. निंगव्वांची रात्री आठची मालिका बंद झाली, कारण टीव्हीची वायर कार्डात अडकली होती. शेंगाची चटणी मिक्सरऐवजी खलबत्त्यात कुटली जाऊ लागली. ती जास्त चांगली लागत होती, पण असं म्हणण्याचं धाडस चनमल्लप्पांनी केलं नाही.

गुरुवारी रेश्मा लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करायची. वायफायचा तुकडा राहतकडे डबीत पडलेला, त्यामुळे तो गुरुवार कोरडा गेला. रेश्माने घाबरून आईच्या फोनवर फोन केला.

"आई, बाबा बरे आहेत ना? लॅपटॉप का लागत नाही?"

"बरे हायती. लॅपटॉपचं आपरेशन झालंय."

"काय झालंय?"

"तुझ्या बाबानं त्येच्यातनं कायतरी काढलंय आणि त्येच्यापेक्षा मोठं कायतरी घातलंय. मी इचारत न्हाई. मी खाली बसून जेवते."

एवढं सगळं करून गाडी मात्र जागची हलली नव्हती. टीव्हीवर कधी नुसता काळोख यायचा, कधी निळा पडदा. एकदा चित्र आलं ते जांभळ्या चौकोनांचं. एकदा लॅपटॉपने कळवलं, या उपकरणासाठी पुरेशी साधनं उपलब्ध नाहीत.

"ह्ये तर आमच्या भावकीगत बोलायलंय," चनमल्लप्पा म्हणाले.

राहत दुसऱ्यांदा आली. जमिनीवर मांडी घालून, कीबोर्ड मांडीवर घेऊन दोन तास बसली. मग तिने मान हलवली. "ड्रायव्हर सापडत नाही, काका."

"डायवर हितं बसलाय की!"

"तो नाही हो. कार्डाचा ड्रायव्हर. म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. बघा काय लिहिलंय." तिने टीव्हीवरची ओळ वाचून मराठीत सांगितली. "'हा ड्रायव्हर या मशीनसाठी योग्य नाही.'"

राहत हसली. चनमल्लप्पा हसले नाहीत. ते उठून अंगणात गेले आणि तुळशीला सकाळी घातलेलं पाणी परत घालू लागले.

"काय झालं? मी काय चुकीचं बोलले?" राहतने हळूच विचारलं.

निंगव्वांनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. "तू न्हाई गं पोरी. रिटायर व्हायला अकरा म्हैने राह्यले हुते. डोळे तपासले, उजव्या डोळ्याची लांबची नजर कमी भरली. त्या दिशी खाली उतरवलं ते उतरवलंच. उरलेले अकरा म्हैने टेबलावर बसून रजिस्टर लिवलं. बाकीच्यांच्या शेवटच्या ट्रिपला इंजिनाला हार घालत्यात, गाडी टेशनात आली की समदी टाळ्या वाजवत्यात. ह्येंच्या येळंला त्येंनाच म्हाईत नव्हतं की कालची ट्रिप शेवटची हुती म्हणून."

राहतने चहा पिता पिता टीव्हीवरच्या त्या ओळीकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला. "काकू, मी परवा परत येते. हा ड्रायव्हर ह्या मशीनला चालणार नाही म्हणजे काय! बघतेच मी."

तिसऱ्या खेपेला ती काय काय करून गेली हे चनमल्लप्पांना कळलं नाही. कार्डाचा जुना प्रोग्राम कुठून तरी शोधून आणला, लॅपटॉपच्या पोटातला आणखी एक भाग बंद करून कार्डासाठी जागा केली, पट्टीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. पण दुपारी चारच्या सुमारास टीव्हीवर अक्कलकोट रोड स्टेशन उमटलं, स्वच्छ, उन्हासकट. चनमल्लप्पांनी कीबोर्डवरची कळ दाबली. बाभळ आली आणि बाभळीसारखी शांतपणे मागे गेली. मग दुसरी. मग खांब. तो हिरवा होता.

  पाच मिनिटांनी त्यांनी गाडी थांबवली आणि चष्मा काढून पुसला.

"पुढं नाही जात?" राहतने विचारलं.

"नगं. पुढचं ठिवतो जपून."

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. मग चनमल्लप्पांनी ते हिंदुरावांना सांगितलं आणि घरातलं गावात गेलं.

हिंदुराव चनमल्लप्पांच्याच गाड्यांवर गार्ड होते. वीस वर्षं दोघं एकाच गाडीवर, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या, त्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नाही. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर हिंदुराव ओरडले, "आरं, मग तुजी शेवटची ट्रिप ऱ्हायलीया की! ह्या रविवारी काढू. अकराला गाडी सोडायची. मी येतो गार्ड म्हणून."

"हिंदुराव, खेळ हाय त्यो. पोरांचा."

"आसू दे की. तुला टायमिंग कळलं का, अकरा!"

रविवारी सकाळी साडेदहाला दारात चपलांचे सहा जोड होते. हिंदुराव गार्डाचा जुना पांढरा कोट घालून आले होते. त्याची बटणं आता लागत नव्हती. काखेत हिरवा झेंडा, गळ्यात शिट्टी, हातात झेंडूचा भलामोठा हार. त्यांच्यामागे चार जुने सहकारी, आणि सर्वांत शेवटी मकदूमसाहेब. मकदूमसाहेब एकेकाळचे लोको इन्स्पेक्टर. नियमाला इतके पक्के, की निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांना पाहिलं की ड्रायव्हर लोक शर्टाची बटणं चाचपत. ते बरोबर वही घेऊन आले होते.

"वही कशाला, साहेब?" चनमल्लप्पांनी विचारलं.

"ट्रिप है तो रिपोर्ट होगा," मकदूमसाहेब खुर्चीत ताठ बसत म्हणाले. "भिंतीवर नियम लावलेत, चांगलं केलंत. दुसरी सही कुठं आहे?"

निंगव्वा लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या. एवढ्या माणसांना जेवूनच पाठवायचं होतं आणि भाकऱ्यांचं पीठ अजून मळायचं होतं. राहतही आली होती, काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून.

हिंदुरावांनी हार उलगडला. "इंजिनाला हार घालू. इंजिन कुठाय ह्यात?"

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. लॅपटॉप, टीव्ही, डबा, वायरींचा गुंता. राहत त्या वेळी टेबलाखाली वाकून प्लग घट्ट करत होती. तिने तिथूनच सांगितलं, "ते उभं आहे ना विटेसारखं, तेच इंजिन."

तिने वर येऊन पाहिलं असतं तर पुढचं झालं नसतं. पण ती वर आली तेव्हा हार घालून झाला होता, नारळ वाढवून झाला होता आणि हिंदुरावांनी शिट्टी फुंकली होती. ट्रिप सुटायच्या क्षणी इंजिनावरचा हार उतरवा असं सहा रेल्वेवाल्यांसमोर म्हणायचं तिला धैर्य झालं नाही. तिने हार जरासा मागे सरकवला, तेवढंच.

डबा चालू झाला, सगळ्यांनी मिळून मोठ्याने दहा आकडे मोजले, लॅपटॉप चालू झाला. अकराला दोन मिनिटं कमी असताना टीव्हीवर अक्कलकोट रोडचा फलाट उमटला. हिंदुरावांनी झेंडा हलवला. गाडी सुटली.

खोलीत पंख्याचा आणि लॅपटॉपमधून येणाऱ्या रुळांच्या खडखडाटाचा तेवढा आवाज होता. शेतं मागे जात होती. सिग्नल आला की चनमल्लप्पा हात पुढे करून मोठ्याने त्याचा रंग सांगायचे आणि मागून सहा म्हातारे तोच रंग परत म्हणायचे. तिलाटी आली, थांबली, सुटली. वाकडा कडुलिंब आला तेव्हा एकाने न राहवून त्याला हात केला. मकदूमसाहेब वेळा टिपून घेत होते.

"सत्तरचा वेग. पुढं तिरपं वळण," चनमल्लप्पा म्हणाले. त्यांची पाठ आता खुर्चीला टेकत नव्हती. ते दहा वर्षांनी लहान दिसत होते.

वळण संपलं आणि टीव्ही काळा झाला.

"लाइट गेली!"

"लाइट हाय की, पंखा चाललाय!"

"कुणी मिक्सर लावला?"

"मिक्सर कुणी लावला न्हाई!" स्वयंपाकघरातून निंगव्वा.

"कुणी हात लावू नका!" राहत ओरडली. "ऐका. गाडी चालू आहे."

सगळे गप्प झाले. खरंच, लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून रुळांचा खडखडाट येतच होता. गेम चालू होता, फक्त चित्र गेलं होतं. राहत कार्डापाशी वाकली. झेंडूच्या पाकळ्या सुटून दोन्ही पंख्यांत गच्च बसल्या होत्या. पंखे थांबले होते आणि कार्ड तव्यासारखं तापलं होतं.

"ये फूल कौन डाला?"

हिंदुराव छताकडे पाहू लागले.

"बंद करून परत चालू कर," कुणीतरी सुचवलं.

"बंद केलं तर गाडी परत अक्कलकोट रोडला. सगळं पहिल्यापासून." राहतने पिशवीतून चिमटा काढला. "पाकळ्या काढते. कार्ड थंड झालं तर चित्र येईल. पाच मिनिटं लागतील. दहा लागतील."

मकदूमसाहेब उभे राहिले. "चनमल्लप्पा, पुढचं दिसत नाही. गाडी उभी करा. नियम आहे."

चनमल्लप्पांना नियम माहीत होता. त्यांचं बोट ब्रेकच्या कळीवर गेलं. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं की ते बोट हलत नव्हतं, आणि ते का हलत नव्हतं हेही सगळ्यांना कळत होतं. दुसऱ्यांदा, मधल्यामध्ये, दिसत नाही म्हणून.

"व्हय साहेब," ते हळूच म्हणाले. "उभी करतो."

"अवं, हितं कशाला उभी करताय?" निंगव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दोन्ही हात पिठाने भरलेले. "अजून पूल बी आला न्हाई."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"कंचा पूल?" चनमल्लप्पांनी विचारलं.

"वढ्यावरचा. थांबा... ह्यो बगा."

स्पीकरमधला खडखडाट एकाएकी पोकळ आणि मोठा झाला. गाडी पुलावरून जात होती. हिंदुरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"हां. आता तवा ठिवते," असं म्हणून निंगव्वा आत वळल्या.

"निंगव्वा! तवा कशाला?"

"मग! पुलावर गाडी वाजली की तवा ठिवायचा," आतून आवाज आला. "होटगीच्या क्वार्टरात बावीस वर्षं काय करत हुते मी? तुमची गाडी दोन मिन्टं थांबायची. तेवढ्यात ताजी भाकरी बांधून फलाटावर पळायचं, इंजिनाशी हात वर करून डबा द्यायचा. पूल वाजला की तवा. दोन भाकऱ्या झाल्या की गाडी टेशनात. एका दिसाचा बी फरक न्हाई."

चनमल्लप्पांनी बोट ब्रेकवरून उचललं. बावीस वर्षं तो डबा त्यांच्या हातात गरम यायचा. तो गरम कसा असतो हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"पैली टाकली," निंगव्वा म्हणाल्या. भाकरी थापल्याचा आवाज तर सगळ्यांनी ऐकलाच होता. राहत कार्डावर वाकून पाकळ्या उपसत होती, पण बाकी सहाही जण टीव्हीकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकले होते. मकदूमसाहेब सर्वांत पुढे होते.

"वेग कितीवर ठिवू?" चनमल्लप्पांनी जागेवरून विचारलं.

"मला काय म्हाईत वेग? तुमी पैल्या भाकरीला भोंगा वाजवायचा. फाटकाला."

चनमल्लप्पांनी भोंगा वाजवला. लांबलचक. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

"पैली उतरली. दुसरी टाकली. आता हळू करा जरा. पाणी फिरवते... उलटली."

"भाकरी उलटली!" हिंदुरावांनी दारातून पुकारा केला.

"भाकरी उलटली!" मागून चौघांनी परत म्हटलं, सिग्नलचा रंग म्हणावा तसं.

चनमल्लप्पांनी वेग उतरवत आणला. डोळे मिटून घेतले, नाहीतरी उघडे ठेवून उपयोग नव्हता. रुळांचा ठेका संथ झाला.

"आता जाळावर धरली. फुगली की ब्रेक मारा. थांबा... थांबा... अजून न्हाई... फुगायलीया..."

"काठ सुटला बघा एका बाजूनं," मकदूमसाहेब श्वास रोखून म्हणाले.

"हां! आता!"

चनमल्लप्पांनी ब्रेक मारला. चाकं किंचाळली, सांध्यांवरून गाडी खडखडली, एक लांब सुस्कारा आला आणि सगळं शांत झालं.  गाडी कुठं उभी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

राहतने शेवटची पाकळी ओढून काढली. एक पंखा गरगरला, मग दुसरा. तिने हाताने वारा घातला, वहीने वारा घातला. ती वही मकदूमसाहेबांची होती, पण त्यांनी हरकत घेतली नाही. दोन वेळा पडदा लुकलुकला, मग उमटला.

समोर फलाट होता. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत होटगी. इंजिन मात्र थांबायच्या खुणेच्या एक डबा पुढे गेलं होतं.

आधी हिंदुरावांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. राहतने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. निंगव्वा बाहेर आल्या, एका हातात टम्म फुगलेली भाकरी. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि चेहरा पाडला.

"एक डबा म्होरं गेली व्हय? चूक माझी हाय. आज पीठ सैल मळलं गेलं. भाकरी उशिरा फुगली."

मकदूमसाहेबांनी वही उघडली, पेन झटकलं आणि गंभीरपणे लिहिलं. लिहिता लिहिता उच्चारलंही, "गाडी एक डबा पुढं. कारण, पीठ सैल. ड्रायव्हरचा दोष नाही."

चनमल्लप्पांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने ते कळत नव्हतं. मग त्यांनी पाहिलं, निंगव्वा टेबलाशी उभ्या होत्या आणि भाकरी धरलेला त्यांचा हात नकळत वर गेलेला होता, चार-पाच फूट उंचीवरच्या कुणाला काही द्यावं तसा.

त्यांनी ती भाकरी घेतली. शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली.

"चढ वर."

"मी?"

"दोनच मिन्टं थांबती गाडी. चढ लौकर."

निंगव्वांनी मकदूमसाहेबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. इंजिनात बाहेरच्या माणसाला घ्यायचं नाही, हा नियम खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होता आणि त्या नियमापायी मकदूमसाहेबांनी किती जणांचं स्पष्टीकरण मागवलं होतं तेही.

मकदूमसाहेबांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पण परत डोळ्यांवर चढवला नाही. घडी करून खिशात ठेवला.

"मेरेकू चष्म्याबिगर कुछ दिखता नहीं," ते म्हणाले. "चलने दो गाडी."

निंगव्वा खुर्चीत बसल्या, अगदी कडेला, हात मांडीवर घेऊन. हिंदुरावांनी झेंडा हलवला. होटगीचा फलाट मागे सरकू लागला. फलाटाच्या टोकाचा नळ, क्वार्टरांची ओळ, दोरीवर वाळत टाकलेले कपडे. मग रूळ एकमेकांतून फुटत, एकमेकांना मिळत पुढे धावू लागले आणि सगळं आकाश काचेवर आलं.

"यव्वा," निंगव्वा म्हणाल्या. "एवढं दिसतंय व्हय हितनं?"

"मग!"

"आणि मला वाटायचं तुमी एकलं बसून कटाळत आसाल." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "त्यो खांब कसला? आणि हितं भोंगा का न्हाई वाजवला?"

चनमल्लप्पा सांगू लागले. तो खांब, ते वळण, ती चढण जिथं पावसाळ्यात चाकं घसरत. मध्येच त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तिला दिला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला. मागे म्हातारे एकेक करून जमिनीवर बसले.

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येऊ लागला. निंगव्वांनी नाक उचललं, तिसरी भाकरी तव्यावर तशीच राहिली होती.

"पोरी, तेवढा ग्यास बंद कर गं," त्या राहतला म्हणाल्या. "माजी ड्यूटी चालू हाय."